माणदेशच्या साहित्यात धंदा कुठे आहे?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा-वीस वर्षं आणि त्या वर्षांतला माणदेश असा आहे. माणदेश म्हणजे साताऱ्याचा माण तालुका, सांगलीचा आटपाडी तालुका आणि भोवतालचा पट्टा. माण नदी जिथून निघते आणि पंढरपूरकडे भीमेला मिळायला जाते, तो कमी पावसाचा मुलूख. या मुलखाबद्दल बोलायचं तर पुस्तकं हाताशी आहेतच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालची, ‘बनगरवाडी’ १९५५ची, शंकरराव खरातांचं ‘बारा बलुतेदार’ १९५९चं. मध्ये १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा, त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. दहा वर्षांत एवढं सगळं. आणि पुढे काय झालं बघा. गदिमा १९७३ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, व्यंकटेशराव १९८३ला अंबाजोगाईला, आणि लगेच पुढच्या वर्षी १९८४ला खरात जळगावला. तिघेही एकाच आटपाडी तालुक्यातले. एका दुष्काळी तालुक्याने मराठी साहित्याला एवढं दिलंय.

त्यामुळे माणदेशाची ओळख जी बनली ती या पुस्तकांतून बनली. पुण्या-मुंबईत कुणी म्हणालं, ‘आम्ही माणदेशातले’, की समोरचा म्हणतो, ‘अरे वा, बनगरवाडी!’ आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते एक उजाड माळरान, मेंढरं, घोंगडी आणि साधीभोळी माणसं. आमचा आजचा प्रश्न त्या चित्रातल्या एका रिकाम्या जागेबद्दल आहे. या साहित्यात भूक आहे, माया आहे, माणसं आहेत. धंदा कुठे आहे? पैसा कसा मिळवला, कुणी मिळवला, कुणाला मिळवू दिला नाही, आणि त्याबद्दल लोकांचं मत कसं बदलत गेलं, हे त्यात कितपत आलंय? हे तपासायचं आहे. हे पुस्तकं मोडीत काढायला नाही. जी पुस्तकं एवढी आवडतात, त्यांना एवढा एक प्रश्न विचारायला हरकत नसावी.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आटपाडी हा भाग औंध संस्थानात होता. आता औंध म्हटलं की लोकांना भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे सूर्यनमस्कार आणि चित्रसंग्रह आठवतो. पण याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून कारभार लोकांच्या हाती दिला. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग, कैदी शेती करतात. आणि याच राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली, तिथे १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे बघा, बनगरवाडीसारख्या वाड्या ज्या राजाच्या, त्याच राजाच्या राज्यात लोखंडी नांगराचा कारखानाही. आणि त्या कारखान्याच्या वसाहतीतून नुसते नांगर निघत नव्हते, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकंही निघत होती. उद्योग करा, अंधश्रद्धा सोडा, बायकांना शिकू द्या, नोकरीच्या मागे लागू नका, असं ही मासिकं मराठी मध्यमवर्गाला महिन्यामागून महिना सांगत होती.

तेव्हा माणदेश जगापासून तुटलेला होता आणि तिथे उद्योगाचा वाराही पोचला नव्हता, असं म्हणायची सोय नाही. वारा त्याच संस्थानातून सुटला होता. तो कुणापर्यंत गेला आणि कुणापर्यंत नाही, हा खरा प्रश्न आहे. ‘किर्लोस्कर’चा वाचक पांढरपेशा होता. धनगराच्या, महाराच्या, रामोशाच्या घरात ते मासिक जाण्याचं कारण नव्हतं.

मग युद्ध आलं. युद्धाने खेड्यात तीन गोष्टी आणल्या: महागाई, कंट्रोल आणि मनिऑर्डर. सातारा जिल्हा म्हणजे पलटणीतल्या माणसांचा जिल्हा. पोरगं फौजेत गेलं की महिन्याला रोकड येते. रोकड आली की गावातला हिशेब बदलतो. बलुत्याचा हिशेब धान्यावर होता. वर्षभर सुताराने, लोहाराने, चांभाराने काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. धान्य स्वस्त असतं तेव्हा शेतकऱ्याला हे परवडतं. धान्याचा भाव चढला, की तोच वाटा त्याच्या डोळ्यांवर येतो. ‘एवढी जोंधळ्याची पाटी देण्यापेक्षा बाजारातून जोडा आणलेला बरा’ असं तो म्हणायला लागतो. दुसरीकडून जर्मनचं पातेलं येतं आणि कुंभाराचं गाडगं चुलीवरून उतरतं. गिरणीचं कापड येतं, कोष्ट्याचा माग थांबतो. युद्धानंतर गावगाडा कुणी एका रात्रीत मोडला नाही. तो असा एकेका चुलीवर, एकेका खळ्यावर मोडत गेला.

आता ‘माणदेशी माणसं’ उघडा. व्यंकटेशराव तेव्हा बावीस वर्षांचे होते. आम्ही म्हणतो, नुसती अनुक्रमणिका वाचा. धर्मा रामोशी. शिदा चांभार. रामा मैलकुली. नामा मास्तर. रघू कारकून. काय दिसतं? माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा आहे, आणि दोन तऱ्हेचे धंदे एकाच यादीत शेजारी बसलेत. रामोशी आणि चांभार हे जुन्या गावगाड्यातले, जन्माने मिळालेले. मैलकुली, मास्तर आणि कारकून हे नव्या सरकारी जगातले, पगाराचे. मैलकुली म्हणजे सडकेच्या एवढ्या-एवढ्या मैलांची डागडुजी करणारा मजूर. जन्माने मिळणारं काम आणि पगाराने मिळणारं काम यांच्यामधली फट त्या अनुक्रमणिकेतच आहे. लेखकाने त्यावर भाष्य केलेलं नाही. त्याने माणसं पाहिली आणि तशी मांडली. व्यंकटेशरावांचा मोठेपणा आम्हांला इथे वाटतो. त्यांनी जे पाहिलं त्यात त्यांनी उघड सांगितलं त्याहून जास्त आहे.

‘बनगरवाडी’चं तसं नाही. तिथे आमची थोडी तक्रार आहे. गोष्ट तुम्हांला माहीतच आहे. संस्थानी अमदानीत एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. हळूहळू वाडी त्याला आपला मानते. त्याच्या पुढाकाराने लोक श्रमदानाने तालीम बांधतात, राजा येऊन ती उघडतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून निघून जातात, शाळेत पोर राहत नाही आणि मास्तरही निघतो. मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी ही एक, यात वाद नाही. एक बैल गेला म्हणून शेकूची बायको नांगराला खांदा देते, ती हकीगत एकदा वाचली की विसरत नाही.

पण ही गोष्ट सांगतोय कोण? मास्तर सांगतोय. पगारी माणूस सांगतोय, ज्याचं गाव आणि शाळा एका जागी असायला हवी. त्याच्या दृष्टीने वाडी रिकामी झाली म्हणजे सगळं संपलं. धनगराच्या दृष्टीने? मेंढपाळाचा धंदा चालण्याचाच आहे. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, वाटेत लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, लोकर कातरायची, ती घोंगडी विणणाऱ्याला द्यायची. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रोकडीचा आणि करारांचा व्यवहार आहे. यात भाव आहे, घासाघीस आहे, कुठल्या मुलखात कधी जायचं याची अक्कल आहे. कादंबरीतला दुष्काळ खरा आहे, तिथलं निघून जाणं ही नेहमीची भटकंती नाही, हे आम्ही जाणतो. तरीही असं वाटतं, की जो समाज जाण्या-येण्यावरच जगतो त्याची गोष्ट मुक्काम करणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितली, की त्याचा धंदा दिसत नाही, फक्त त्याचं ओसाडपण दिसतं.

आणि ही कादंबरी १९५५ला का आली असेल, एवढी का आवडली असेल, याचाही विचार करू. मधे १९४८ साल होऊन गेलं होतं. गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आगीची झळ लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पाठोपाठ कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कुळं जमिनीची मालक होऊ लागली. ज्यांची घरं आणि जमिनी गेल्या त्यांतले पुष्कळजण पुण्याला, सांगलीला, मुंबईला गेले. ग्रामीण साहित्याच्या वाचकांत हा माणूस होता. नुकतंच गाव हरवलेला माणूस. त्याला १९४८च्या आधीचं गाव हवं होतं, भांडण सुरू व्हायच्या आधीचं. ‘बनगरवाडी’त त्याला ते मिळालं. व्यंकटेशराव स्वतः त्या आगीकडे पाठ फिरवून बसले नाहीत. १९६४ला त्यांनी ‘वावटळ’ लिहिली आणि तीत ती जाळपोळ आणली. पण आज घराघरांत ‘बनगरवाडी’ सापडते, ‘वावटळ’ शोधावी लागते. यात लेखकापेक्षा आपण वाचकांनी काय निवडलं, हे जास्त कळतं.

आता शंकरराव खरात. जन्म १९२१, आटपाडी, महारवाडा. एकच तालुका, साधारण एकच काळ, आणि पाहण्याची जागा पूर्ण वेगळी. ‘बारा बलुतेदार’ १९५९ला आलं. ज्या पद्धतीकडे शहरातला वाचक ‘जुनी सुंदर देवाणघेवाण’ म्हणून बघत होता, ती आतून कशी होती हे खरातांकडून कळतं. पुढे १९८१ला त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘तराळ-अंतराळ’. तराळ म्हणजे गावकामाच्या पाळीवर असलेला महार. सरकारी टपाल पोचवायचं, सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. आणि त्याबद्दल काय? दारोदार जाऊन मागितलेली भाकरी आणि खळ्यावरचा शेवटचा वाटा.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण आजच्या विषयाचं मर्म यात आहे. बलुतं हा व्यवहार होता का? व्यवहारात दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणता येतं. दुकानदार म्हणतो, या भावात देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मग दुसरीकडे जातो. तराळाला ‘येत नाही’ म्हणायची सोय होती का? नव्हती. म्हणून रोख पैसा आला, बाजार आला, तेव्हा गावातल्या वरच्या लोकांना वाटलं की जुना जिव्हाळा गेला. महारवाड्यात त्याच गोष्टीचा अर्थ वेगळा होता. रोजंदारीचे बारा आणे कमी असतील, पण ते मागून आणलेले नसतात. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं, ते यासाठीच. वतन म्हणजे मिळकत नव्हे, बेडी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ला झाला आणि १९५९च्या ऑगस्टपासून लागू झाला. ‘बारा बलुतेदार’ त्याच वर्षीचं पुस्तक. म्हणजे एकीकडे गावगाडा कायद्याने मोडत होता, आणि त्याच वेळी तो आतून पाहिलेला माणूस त्याची नोंद करत होता. माणदेशी साहित्यात धंद्याबद्दलची सगळ्यात स्पष्ट समज आम्हांला खरातांकडे दिसते, कारण धंदा नसणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं.

आता सिनेमाकडे येऊ. ‘दो आँखें बारह हाथ’. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, बर्लिनला गौरव, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. मुळाशी स्वतंत्रपूरचा प्रयोग. सहा खुनी कैदी, एक जेलर, उजाड जमीन. कैदी माळ फोडतात, भाजी पिकवतात. इथवर शेती आहे. मग ते भाजी बाजारात विकायला नेतात, रास्त भावात, आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या पोटात दुखतं. सिनेमातला खरा खलनायक खुनी नाही, भाजीचा दलाल आहे. विचार करा. खून केलेला माणूस सुधारतो यावर सिनेमाचा विश्वास आहे. व्यापारी सुधारेल यावर नाही. ही एकट्या त्या सिनेमाची गोष्ट नव्हे. युद्धात कंट्रोल आणि काळा बाजार लोकांनी भोगला होता, व्यापारी म्हणजे साठेबाज हे त्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून ठरवलं होतं. सावकाराचं कर्ज तर त्याच्याही आधीपासूनचं. त्या रागाला कारण होतं. पण तो राग एवढा पक्का झाला, की धंदा करणारा माणूस मराठी कथेचा नायक होईना. तो शेतकरी असावा, शिक्षक असावा, कैदी असला तरी चालेल.

आणि नेमक्या याच काळात माणदेशातली पोरं काय करत होती? आता गलाईवाल्यांकडे येतो. विटा, खानापूर, आटपाडी आणि माण-खटावच्या बाजूची ही माणसं. पाऊस नाही, जमीन कोरडी, कृष्णेच्या काठाला जसा ऊस आला तसा इकडे येण्याची शक्यता नाही. किर्लोस्करांचं इंजिन नदीकाठी पाणी उचलू लागलं, पण उचलायला पाणी तर पाहिजे! मग पोरगं दहा-बारा बुकं शिकायच्या आत कुणा पाहुण्याबरोबर परमुलखात जायचं. केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल, दिल्ली. सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात खोली घ्यायची आणि सोन्या-चांदीची आटणी करायची. जुना दागिना मुशीत वितळवायचा, तेजाबात घालून त्यातलं हिणकस काढायचं, शुद्ध सोनं सोनाराला परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीतली राख विकत घ्यायची आणि त्यातून कणकण सोनं वेगळं करायचं. राखेतून सोनं काढण्याचा हा धंदा शब्दशः आहे.

यात किती गोष्टी बदलल्या बघा. ज्या समाजात ‘सोनं सोनाराने बघावं, व्यापार वाण्याने करावा’ असं ठरलेलं होतं, तिथे शेतकऱ्याचं पोर सोन्यात आलं. जातीने न मिळालेला धंदा त्याने उचलला. ज्या भाषेचं अक्षर माहीत नाही त्या भाषेत घासाघीस करायला शिकलं. अनोळखी सराफ लाखमोलाचा ऐवज त्याच्या हातात देतो, तो कशावर? नुसत्या विश्वासावर. गावातल्या एकाने दगा केला तर त्या शहरातल्या सगळ्या गाववाल्यांचा धंदा बसतो. त्यामुळे नातं, गाव आणि पत एकच होऊन जातात. जानेवारी १९६३ला सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. सोनाराच्या भट्टीवर ज्याची भट्टी पेटते, त्याला ती झळ लागणारच. पुढे १९६८चा सुवर्णनियंत्रण कायदा आला तो १९९०पर्यंत टिकला. एवढं सगळं सोसून हा धंदा राहिला. गावाकडे बंगले झाले, देवळांचे कळस झाले, शाळांना देणग्या आल्या. आणि तेजाबाच्या वाफेत दिवसभर बसून फुप्फुसांचं काय होतं, घरी राहिलेल्या बाईने एकटीने शेत, सासू-सासरे आणि पोरं कशी सांभाळली, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

मग सांगा, यावरची ‘बनगरवाडी’ कुठे आहे? त्याच तोलाची, सगळ्यांनी वाचलेली कादंबरी? आम्हांला तरी दिसत नाही.

का नसावी? आमच्या मते तीन कारणं. पहिलं, ग्रामीण साहित्याची व्याख्याच आपण मातीला बांधली. माणूस मातीत असेल तर ग्रामीण, कोइमतूरच्या बोळात मुशीपुढे बसला की तो कुणाच्याच व्याख्येत बसत नाही. दुसरं, युद्धोत्तर समीक्षेला खेड्यातली गरिबी अस्सल वाटायची, खेड्यातली कमाई नाही. कमाई दिसली की ‘खेडं बिघडलं’ म्हणायचं. शहरातल्या माणसाने पैसा केला तर ती प्रगती, खेड्यातल्याने केला तर तो बिघाड. हा सरळ दुजाभाव आहे. तिसरं कारण धंद्याच्या बाजूचं आहे. हा धंदा गुपचूप बोलण्याचा. किती सोनं, कुणाचं, काय बट्टा, हे कुणी चारचौघांत सांगत नाही. आणि ज्यांनी तो केला त्यांच्या हाती लेखणी राहिली नव्हती, शाळा लवकर सुटली होती. म्हणजे लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही आणि करणाऱ्यांनी तो लिहिला नाही.

कुणी म्हणेल, साहित्याने काय धंद्याच्या वह्या लिहायच्या का? नाही. पण माणसं ज्यासाठी घर सोडतात, ज्यावर लग्नं ठरतात आणि मोडतात, ज्याने जातीतलं वर-खाली बदलतं, ती गोष्ट साहित्याच्या बाहेर ठेवली तर माणसाचा केवढा भाग बाहेर राहतो! आणि याचा परिणाम पुस्तकापुरता राहत नाही. ‘साधीभोळी दुष्काळी माणसं’ ही ओळख एकदा चिकटली, की त्या माणसांकडे कीव करायची वस्तू म्हणून पाहिलं जातं. त्यांना मदत द्यायची, कर्ज द्यायचं नाही. त्यांच्या अकलेवर भरवसा ठेवायचा नाही. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा हीच अडचण आली. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना आधी नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, आणि व्याजाचं गणित आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता. शेळीचा, कोंबडीचा, बाजारच्या टोपलीचा. तो कुणी हिशेब मानला नव्हता, एवढंच.

शेवटी एक विनंती. ऐकणाऱ्यांत या भागातली मंडळी पुष्कळ असतील, गलाईच्या घरातलीही असतील. घरात आजोबांचे रोजमेळ असतील, खतावण्या असतील, मद्रासहून किंवा कलकत्त्याहून आलेली कार्डं असतील. रद्दीत घालू नका. आजी असेल तर तिला विचारा, पहिली मनिऑर्डर आली तेव्हा पैसे कुणाच्या हातात पडले आणि ते कशावर खर्च झाले. ते लिहून ठेवा, मोडक्या भाषेत चालेल. आणि ‘बनगरवाडी’ परत वाचा, त्याच्या शेजारी ‘तराळ-अंतराळ’ ठेवून वाचा. दोन्ही पुस्तकं एकाच तालुक्यातली आहेत. तिसरं अजून लिहायचं राहिलंय.